चारशे बारा

माझी गाडी एकदा पूर्ण चार्ज केली की चारशे बारा किलोमीटर जाते.

हे वाक्य मी वर्षभरात कुठे कुठे टाकलं ते विचारू नका. लिफ्टमध्ये टाकलं. वस्तरा गळ्याशी असताना न्हाव्याच्या खुर्चीत टाकलं. वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या मुलाच्या सांत्वनाला गेलो, तिथे "शेवटी कुणाची बॅटरी किती चालेल ते आपल्या हातात नसतं" अशी सुरुवात करून दुसऱ्या मिनिटाला चारशे बारावर आलो. एकदा एका बाईंचा चुकून फोन लागला. त्या म्हणाल्या, "माफ करा, राँग नंबर." मी म्हटलं, "हरकत नाही. तुमच्याकडे गाडी कुठली?"

बरं, हा आकडा मी घरी बनवलेला नव्हता. गाडी घेतली त्या दिवसापासून तो पडद्यावर हिरव्या अक्षरांत झळकत होता. मी फक्त वाचून दाखवायचो. एरवी माझ्या गोष्टींत पाणी असतं हे आमची इमारत जाणून आहे. तरुणपणी नदीत पडलेला सरकारी तराजू मी बुडी मारून वर काढला होता. त्या गोष्टीतली नदी दरवर्षी चार हात रुंद होत गेली आणि मला तर पोहताही येत नाही. पण चारशे बारा हे तसं नव्हतं. ते यंत्र सांगत होतं.

आणि माझं ऐकलं जायचं, त्याला कारण होतं. नोकरीत मी वजनमापे निरीक्षक होतो. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून हिंडून तराजू तपासले, वजनं तपासली, पेट्रोल पंपांची मापं तपासली. काट्यात दहा ग्रॅमची लबाडी सापडली की दुकानाला कुलूप. म्हणून लोक मला काटेसाहेब म्हणतात. नोकरी सुटली, नाव सुटलं नाही. असा माणूस मापाबद्दल बोलला की समोरचा मान डोलावतो. या गोष्टीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग हाच आहे आणि तो मी आधीच सांगून टाकला, म्हणजे पुढे जरा हलकं वाटेल.

आमच्या तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे अगदी माझ्यासारखीच गाडी. रंगसुद्धा तोच. आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात घेतलेली. पण डॉक्टर पडले सूचना पाळणारे. औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद असतो ना, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. गाडीच्या पडद्यावर 'नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे' अशी पाटी आली की त्याच संध्याकाळी त्यांचं अपडेट झालेलं असायचं.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. सकाळी पार्किंगमध्ये डॉक्टर गाडीत बसले होते. मी खिडकीतून सहज डोकावलो. बॅटरी पूर्ण भरलेली, आणि आकडा तीनशे सेहेचाळीस.

"डॉक्टर, अहो, सहासष्ट किलोमीटर गेले कुठे?"

"जातील कुठे? ते नव्हतेच," डॉक्टर म्हणाले. "काल अपडेट केलं. आधी गाडी कारखान्यातल्या अंदाजानं सांगायची. आता आपण किती वेगानं चालवतो, एसी किती लावतो, रस्त्यात चढ किती आहे, सगळं बघून सांगते. बॅटरी होती तेवढीच आहे, काटेसाहेब. फक्त गाडी खरं बोलायला लागली."

मी समजूतदारपणे मान हलवली. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या गाडीत जाऊन बसलो. पडद्यावर तीच पाटी होती आणि तिच्याखाली दोन बटणं, 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा'. मी दुसरं दाबलं. दुसऱ्या दिवशीही दाबलं. मग रोज सकाळी गाडीत बसलं की आधी ते बटण आणि मग सीटबेल्ट, अशी सवयच लागली. आणि वर इमारतभर सांगत सुटलो की डॉक्टरांनी अपडेट म्हणता म्हणता स्वतःच्या गाडीचे चांगले सहासष्ट दात उपटून घेतले.

खरं म्हणजे मला ते सहासष्ट किलोमीटर लागत कधीच नव्हते. भाजी, दवाखाना आणि हिचा पोहण्याचा तलाव धरून दिवसाला माझी मजल अकरा किलोमीटरची. पण आकडा हा आकडा असतो. एकाहत्तराव्या वर्षी माणसाचं काही वाढत नाही, उंचीसुद्धा कमी होते. त्यात आता हेही कमी करून घ्यायचं?

आता हिच्याबद्दल. माझी बायको पस्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवायचं काम. घरी आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा ती दुरुस्त करून ठेवते. बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांसाठी म्हणून तिला कुणीतरी पोहायला जा म्हटलं. पहिले चार महिने ती तलावाचा काठ दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. पाचव्या महिन्यात तिनं एक हात सोडला. ज्या दिवशी दुसरा सोडला त्या दिवशी घरी आली आणि खिडकीपाशी अर्धा तास बसून राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. तरंगले."

त्यानंतर चार वर्षं ती रोज सकाळी सहाला तलावावर. डॉक्टरही तिथेच पोहतात. आणि यंदा दोघांनीही ज्येष्ठांच्या जलतरण स्पर्धेत नाव दिलं. डॉक्टर पुरुषांत, ही पासष्टच्या वरच्या बायकांत, दोनशे मीटर. स्पर्धा दोनशे साठ किलोमीटरवरच्या शहरात. नियम एकच, पण कडक. दुपारी दोनपर्यंत नोंदणीच्या टेबलावर स्वतः हजर राहायचं. दोन वाजून एक मिनिट झालं की नाव बाद.

डॉक्टर आदल्या दिवशी वर आले. "वहिनी, एकाच गाडीनं जाऊ की. मी साडेआठला निघतोय. वाटेत घाट चढून गेलं की चार्जिंग स्टेशन आहे. वीस मिनिटं थांबायचं, चहा घ्यायचा, पुढे निघायचं."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत मागे रेललो.

"वाटेत थांबायचं तुम्ही, डॉक्टर. आमचे चारशे बारा आहेत. दोनशे साठ म्हणजे आमच्या गाडीला अंग मोकळं करण्यापुरतं."

डॉक्टर हसले आणि गेले. ते गेल्यावर हिनं विचारलं, "अहो, ते गाडीचं अपडेट केलंत ना? डॉक्टर परवा म्हणत होते, त्या स्टेशनवर नवीन यंत्रं बसवलीत. गाडीचं सॉफ्टवेअर जुनं असलं की ती अडून बसतात."

"केलं," मी म्हणालो.

इतकी आखूड थाप मी जन्मात मारली नव्हती. माझ्या थापेला सहसा नदी असते, वादळ असतं, एखादा उघडा पडलेला लबाड व्यापारी असतो. ही नुसती दोन अक्षरांची. आणि तीच महागात पडली.

सकाळी आठला निघालो. हिनं पोहण्याचा पोशाख कपड्यांच्या आतच घातला होता. चष्मा, टोपी, टॉवेल अशी सगळी तयारी एका निळ्या बॅगेत, आणि बॅग डिकीत. पडद्यावर चारशे बारा. मी त्याच्यावरून एकदा प्रेमानं रुमाल फिरवला.

हमरस्त्याला लागल्यावर मी गाडी सोडली ती एकशे दहावर. एसी असा की हिनं शाल काढली. डॉक्टरांच्या आधी पोचून तलावाच्या दारात हाताची घडी घालून उभं राहायचं, हे माझ्या मनात ठरलेलं होतं. काय म्हणायचं तेसुद्धा ठरलं होतं.

हिचं लक्ष पडद्यावर होतं. मग म्हणाली, "साठ किलोमीटर झाले. पडद्यावरचे एकशे पाच कमी झालेत."

"सुरुवातीला असंच असतं. इंजिन तापेपर्यंत."

"हिला इंजिन नाही."

मी आरशात पाहण्याचं नाटक केलं.

घाट सुरू झाला आणि तो आकडा लिफ्टमधून उतरल्यासारखा खाली यायला लागला. एकशे नव्वद. एका वळणाला एकशे सत्तर. दुसऱ्या वळणाला माझ्या डोळ्यांदेखत एकशे चाळीस. मी वेग कमी केला. एसी बंद केला. खिडकी उघडली, मग वाऱ्यानं गाडी अडते म्हणून खिडकी लावली. रेडिओ बंद केला. हिच्या मोबाइलची चार्जिंगची वायर काढली. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा एकसष्ट किलोमीटर उरले होते आणि जायचे होते एकशे दहा. आतमध्ये भट्टी झाली होती.

"मी श्वास घेतला तर चालेल ना?" हिनं विचारलं. "की त्यालाही बॅटरी लागते?"

मी चाळीसच्या वेगानं कडेकडेनं चाललो होतो. ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे गेले. एक ट्रॅक्टर पुढे गेला. शेवटी एका सायकलवाल्यानं आम्हाला मागे टाकलं आणि जाताना अशा काळजीनं वळून पाहिलं की मला वाटलं, हा आता उतरून मदत करणार.

चार्जिंग स्टेशन आलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तिच्यात चार यंत्रं, शेजारी काचेचं छोटं कॅन्टीन. कॅन्टीन आणि यंत्रं दोन्ही एकच बाई सांभाळत होत्या. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्रातलं शब्दकोडं.

"वीस मिनिटं," मी हिला म्हणालो. "डॉक्टरांच्या आधीच निघतो की नाही बघ."

पहिल्या यंत्राची वायर लावली. यंत्र घुमलं, खट्‌ वाजलं आणि लाल झालं. दुसरंही लाल. तिसऱ्यानं लाल होण्याआधी थोडा विचार केला, एवढंच. चौथं सुरू झालं. मी विजयी मुद्रेनं पडद्याकडे बोट दाखवलं. ही वाकली आणि वाचायला लागली.

"ऐंशी टक्के होण्यास लागणारा वेळ, सहा तास पन्नास मिनिटं."

बाई चष्मा खाली ओढत आल्या. "काका, गाडी अपडेट नाही तुमची."

"आहे," मी म्हणालो. ही शेजारीच उभी होती ना.

बाईंनी दारातून वाकून पडद्यावर दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचलं. "बाकी असलेली अपडेट, आठ. केलेली अपडेट, शून्य. अगबाई. 'नंतर आठवण करा' हे दोनशे एकोणचाळीस वेळा दाबलंय, काका."

गाडी इतका बारीक हिशेब ठेवत असेल याची मला कल्पना नव्हती. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही तराजूनं आपल्या मालकाची अशी चुगली केली नव्हती.

ही माझ्याकडे पाहत होती. पुस्तक छापून, बांधून झाल्यावर मुखपृष्ठावरच चूक दिसली की ती जशी पाहायची, तसं.

"अहो," ती म्हणाली. बस्स, तेवढंच.

आता अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प उभं राहावं. मी काय केलं, तर हात लांब करून 'आता करा' दाबलं.

"थांबा, काका, आधी सामान बाहेर..." बाई ओरडल्या.

पडदा काळा झाला. गाडीत कुठेतरी कुलपं पडल्याचे आवाज आले. मग पांढरी अक्षरं उमटली. 'अपडेट एक, एकूण आठ. कृपया चाळीस मिनिटे थांबा. या काळात गाडी चालवता येणार नाही. चार्जिंग होणार नाही. डिकी उघडणार नाही.'

"माझी बॅग," ही म्हणाली.

मी डिकी ओढली. ढकलली. तिच्यावर थापा मारल्या, म्हणजे हातानं. मग मागच्या दारातून आत शिरलो, सीटच्या पाठीमागच्या फटीतून हात घातला आणि बॅगेचा बंद चक्क बोटांना लागला. "सापडला," मी ओरडलो आणि आणखी जोर केला. कोपर आत गेलं. मग ते बाहेर येईना.

मी गाडीत उपडा, पाय दारातून बाहेर अशा अवस्थेत बाईंनी माझ्या दंडाला भांडी घासायचा साबण लावला. ही माझे पाय धरून ओढत होती. दंड फुगला होता, साबणाला फेस येत होता, आणि तेवढ्यात मागून एक ओळखीचा, अतिशय सभ्य आवाज आला.

"काटेसाहेब?"

मी मान वळवू शकत नव्हतो. वळवायचीही नव्हती.

डॉक्टरांनी एका नजरेत सगळं पाहिलं असणार. पडद्यावरची अक्षरं तर दारातूनच दिसत होती. ते बाह्या वर सरकवून आत आले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "सैल सोडा. अजिबात दुखणार नाही." मग थांबून म्हणाले, "थोडं दुखेल."

हात निघाला. बॅग राहिली.

मला वाटलं, आता चारशे बाराची चौकशी होणार. मी आठ महिने या माणसाच्या गाडीचे दात मोजले होते. एक टोमणा तर त्यांचा हक्कच होता. पण त्यांनी आपली गाडी पहिल्या यंत्राला लावली. ते निमूट हिरवं झालं. मग हिला म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे जादा टोपी आहे, पोहण्याचा चष्माही आहे. चष्मा जरा मोठा होईल, पण चालवून घ्या. अठरा मिनिटांत निघू. काटेसाहेब, तुम्हीही चला ना."

"गाडी इथे टाकून जाता येणार नाही," बाई म्हणाल्या. "यंत्र अडतं. पुढच्या गाड्यांना जागा लागते."

मी म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. मी येतोच मागून." हे वाक्य म्हणताना माझ्या दंडावरून फेस गळत होता.

निघताना ही मला चार शब्द सुनावेल असं वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं जेवणाचा डबा माझ्या हातात दिला. "खाऊन घ्या. तुम्हाला भूक निघत नाही." आणि ती दुसऱ्याच्या गाडीत बसून, दुसऱ्याचा चष्मा मांडीवर घेऊन गेली.

मग मी कॅन्टीनमध्ये बसून राहिलो. एक अपडेट संपलं की दुसरं सुरू व्हायचं, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर त्याची माहिती यायची. आठ महिने मी न वाचलेली ती माहिती. 'बॅटरीचा पल्ला आता आपल्या चालवण्यानुसार दाखवला जाईल.' 'चार्जिंग स्टेशन जवळ येताच बॅटरी चार्जिंगसाठी स्वतःला तयार करेल.' 'उन्हाळ्यात चार्जिंगचा वेग सुधारला आहे.' 'नव्या यंत्रांवर चार्जिंग थांबण्याची अडचण दूर केली आहे.' गाडी मला आठ महिने हात जोडून सांगत होती की तुझं भलं करते, आणि मी तिचं तोंड दाबत होतो.

पूर्वी दरवर्षी दुकानदारांना तराजू घेऊन कचेरीत यावं लागायचं. आम्ही तो तपासायचो, बिघडला असेल तर दुरुस्त करायला लावायचो आणि शिक्का मारायचो. एक धान्यवाला यायचाच नाही. कधी तराजू नातेवाइकाकडे गेलाय, कधी आजारी आहे म्हणायचा, म्हणजे तराजू. मी त्याला भर बाजारात झापलं होतं. "काटा खोटा आहे हे माहीत असूनही जो तपासून घेत नाही, तो चोर." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला डबा खाववेना.

समोर बाई कोड्यात अडल्या होत्या. "काका, चार अक्षरी शब्द सांगा. 'चुकीबद्दल नंतर वाटणारे दुःख'."

तुम्ही म्हणाल, हे मी रचलंय. रचलंय. खरं तर त्यांनी घरी परत येणारा पक्षी विचारला होता आणि उत्तर कबुतर होतं. पण त्या दुपारी मला सगळं त्या पहिल्या प्रश्नासारखंच ऐकू येत होतं.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना डॉक्टरांचा निरोप आला. 'पोचलो. नोंदणी झाली.' मी तो बाईंना वाचून दाखवला. त्यांनी न विचारता मला चहा दिला.

आठवं अपडेट अडीचला संपलं. पडदा उजळला. बॅटरी बारा टक्के, पल्ला चौतीस किलोमीटर. सकाळी हीच गाडी एवढ्या बॅटरीला एकोणपन्नास म्हणाली असती. मी त्या चौतीसकडे पाहिलं आणि कोण जाणे का, गाडीला नमस्कार करावासा वाटला. वायर लावली. तेच चौथं यंत्र. एकोणतीस मिनिटांत बॅटरी ऐंशी टक्के.

स्पर्धा तीनला होती. तीनला मी वायर काढत होतो.

तलावावर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. जिन्यात पाण्याचा आणि औषधाचा वास, ओल्या पावलांचे ठसे, आणि वरून टाळ्यांचा आवाज. बक्षीस समारंभ उरकत आला होता. मी निळी बॅग छातीशी धरून दारात उभा राहिलो. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक धिप्पाड माणूस माझ्याकडे धावत आला आणि त्यानं माझा दुखरा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हीच का काटेसाहेब? निळी बॅग म्हणाल्या होत्या वहिनी. अहो, या, या. मंडळी, आले बरं का ते!"

आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

प्रकार असा झाला होता. शर्यतीआधी प्रत्येकीला माइकवर विचारलं गेलं की सोबत कोण आलंय. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "माझे मिस्टर निघाले होते. पण वाटेत एक वयस्कर गृहस्थ गाडी बंद पडल्यामुळे अडकून पडले आहेत. त्यांना तिथं एकटं टाकून यायला ह्यांना जमलं नाही."

तुम्ही हे वाक्य तपासून पाहा. मी दोनशे वेळा तपासलंय. त्यात एक अक्षर खोटं नाही. पस्तीस वर्षं लाल पेन चालवलेली बाई ती, चूक ठेवणारच नाही. लोकांना मात्र त्यातून एक देवमाणूस दिसला होता. बायकोची शर्यत सोडून परक्या म्हाताऱ्यापाशी थांबलेला.

आयुष्यभर असल्या टाळ्यांसाठी मी नद्या रुंद केल्या. आता आयत्या मिळत होत्या तर पायाखालची फरशी सरकत होती. हाती माइक आला. मी म्हणालो, "ऐका. तो अडकलेला म्हातारा मीच."

सभागृह हसलं. शिट्टीवाल्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "बघा मंडळी, किती विनय."

"विनय नाही हो. मी खोटं बोललो होतो. बायकोशी. अपडेट केलंच नव्हतं."

आणखी हसले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी डोळे पुसले. खरं बोलल्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, याची मला सवय नव्हती. माझं आजवर उलटं चालत आलेलं होतं. पंच्याऐंशीच्या वरच्या गटातले एक स्पर्धक आले नव्हते, त्यांचं पदक उरलं होतं. शिट्टीवाल्यानं ते माझ्या गळ्यात घातलं.

ही मागच्या बाकावर बसली होती. केस ओले. दोन्ही डोळ्यांभोवती मोठ्या चष्म्याची लालभडक वर्तुळं.

"कितवी?" मी विचारलं.

"चौथी. सात जणींत."

"फरक?"

"एका हाताचा." तिनं माझ्या हातातल्या बॅगेतून टॉवेल काढून कान पुसला. "चष्मा सैल होता. परत फिरताना पाणी शिरलं. तिसरी बाई शेजारून गेली ती मला दिसलीच नाही."

चौथीला पदक नसतं. माझ्या छातीवर ते हलत होतं. मी ते काढून तिच्यापुढे धरलं. तिनं हातात घेतलं आणि सवयीनं आधी अक्षरं वाचली. "'पोहणे. पंच्याऐंशी वर्षांवरील. द्वितीय.'" मग परत माझ्या हातात ठेवलं. "माझं नाही हे."

"माझंही नाही."

"ते तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना टोपी परत द्यायला गेली.

परतीच्या वाटेवर गाडी जेवढे किलोमीटर सांगत होती तेवढेच जात होती. मी पूर्ण रस्ता सत्तरच्या वर गेलो नाही.

पंधरा दिवसांनी स्पर्धेची छापील पत्रिका टपालानं आली. पहिल्या पानावर माझा फोटो, गळ्यात पदक, आणि खाली तीन ओळी. अडलेल्या वृद्धासाठी पत्नीच्या स्पर्धेवर पाणी सोडणारे काटेसाहेब. शेवटच्या पानावर निकाल, त्यात बारीक अक्षरांत हिचं नाव.

हिनं लाल पेन काढलं. मी समोर बसून होतो. पहिलं पान तिनं वाचलं आणि कुठेही खूण न करता उलटलं. माझा जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत ती निकालावर थांबली. तिची वेळ चुकून चार सेकंद कमी छापली होती. त्या वेळेनं ती तिसरी ठरत होती. तिनं आकड्यावर काट मारली, समासात खरी वेळ लिहिली आणि आयोजकांना पाठवायला पाकीट शोधलं.

मग पत्रिका पुन्हा पहिल्या पानाला उलटून माझ्यासमोर ठेवली, वर पेन ठेवलं आणि आत पाणी तापवायला गेली.

त्या तीन ओळी दुरुस्त करायला मला ही एवढी पानं लागली.